व्होल्टेज पडल्यावर हीटरचा रॉड किती वॅट घेतो?

प्रश्न: आमच्या रॉडवर २३० व्होल्ट, २००० वॅट छापलंय. सकाळी शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १८० वर येतं आणि बादली तापता तापत नाही. पॉवर नक्की किती उरते?

वायरमनकाका: आधी रेझिस्टन्स काढा. व्होल्टेज बदललं तरी रॉडचा रेझिस्टन्स जवळपास तोच राहतो. २३० गुणिले २३० भागिले २०००, म्हणजे २६.४५ ओहम. आता १८० ला २६.४५ ने भागा: ६.८ अँपिअर. त्याला १८० ने गुणा, साधारण १२२५ वॅट. व्होल्टेज २२ टक्क्यांनी पडलं, पॉवर मात्र ३९ टक्क्यांनी!

प्रश्नकर्ता: मल्टिमीटरने थेट ओहम मोजले तर?

वायरमनकाका: रॉडला चालेल, आतली नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार तापली तरी फारसा फरक पडत नाही. पण प्लग काढूनच मोजा, एवढं ऐकाच. १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचं तसं नाही. हिशोबाने ५२९ ओहम येतात, थंड बल्बला मीटर ४० च्या आसपास दाखवतो.

दुसरे एक सभासद: मोटारीला हा हिशोब लावू नका. व्होल्टेज पडलं की लोडवरची मोटर उलट जास्त अँपिअर ओढते, वाइंडिंग त्यानेच जळतं.