बडोद्यात घर कुठे बघावं? (घरच्या ग्रुपवरची चर्चा)

मी: सगळ्यांना नमस्कार. ह्यांची बदली पक्की झाली, बडोदं! कारखाना सावली रोडवर, मंजुसरला. जूनमध्ये हजर व्हायचंय. सासरेही आमच्याबरोबर येणार, त्यांना जिने झेपत नाहीत. लेकीचा तबला सुटायला नको. दलालाने दोन घरं दाखवलीत, एक भायलीला, एक समाला. समाच्या घराच्या गॅलरीतून झाडी आणि नदी दिसते. फोटो टाकलेत, माझं मन तिथेच बसलंय. तुम्ही सगळे तिथलेच, मोकळेपणाने सांगा.

अकोट्याची मावशी: अरे वा! ये गं ये. जवळ येतेयस, फार बरं वाटलं.

कारेलीबागची आत्या: फोटो बघितले. घर छानच आहे. पण बाळा, हे घर घेऊ नकोस, भाड्यानेसुद्धा नको. बाहेरून येणाऱ्याला हे कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

विश्वामित्री पावागडाकडून येते आणि शहराच्या मधून वळणं घेत जाते. इथे ऊन पडलेलं असलं तरी वरच्या भागात पाऊस झाला, आजव्याचा जलाशय भरला, की शहरात पाणी चढायला लागतं. पावसाळ्यात आम्ही सकाळी उठून आधी दोन आकडे बघतो, आजव्याची पातळी आणि काळ्या घोड्याच्या पुलापाशी नदीची पातळी. २६ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला, तेव्हाही पूर. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तर नदी ३५ फुटांच्याही वर गेली. समा, हरणी, फतेहगंज, वडसर, मुजमहुडा, सगळीकडे पाणी. आमच्या कारेलीबागचा नदीकडचा भागही सुटला नाही.

आमच्या गल्लीत पाणी ओट्याच्या दुसऱ्या पायरीशी थांबलं. दोन गल्ल्या पलीकडे मैत्रिणीच्या घरात स्विचबोर्डच्या वर रेघ आहे. रंग काढला तरी ओल तिथूनच फुटते. आणि वरच्या मजल्यावरचे सुटले असं समजू नकोस. खालची मीटरं बुडाली म्हणून सगळ्या बिल्डिंगची वीज गेली, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी, पंप बंद म्हणून टाकीत थेंब नाही. जिने न झेपणाऱ्या माणसाने अशा वेळी काय करायचं?

मांजलपूरचा दादा: शिवाय मगरी. नदीत पुष्कळ आहेत, पूर आला की सोसायट्यांच्या आवारात शिरतात. वनखात्याची माणसं आणि स्वयंसेवक पकडून नेतात. पाणी ओसरलं म्हणून मुलांना लगेच खाली सोडायचं नाही.

मी: बापरे. दलाल तर म्हणाला, इथे पाणी येतच नाही.

कारेलीबागची आत्या: दलालाला विचारूच नकोस. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचार, इस्त्रीवाल्याला विचार, २०२४ ला पाणी कुठवर आलं होतं? तो भिंतीवर हात लावून दाखवतो. एरियाच्या नावावर जाऊ नकोस. समातच एक सोसायटी कोरडी आणि समोरची बुडालेली, असं झालंय.

भायलीची वहिनी: मग भायलीच बघ ना. रस्ते रुंद, सोसायटीत बाग, लिफ्टला बॅकअप. २०२० मध्ये भायली, सेवासी, बिल महापालिकेत आले तेव्हापासून वस्ती खूप वाढली. जरा पुढे गेलं की अजून शेतं दिसतात. फक्त त्या स्कीममध्ये पाणी कॉर्पोरेशनचं की बोअरचं, हे आधी विचार. बोअरच्या पाण्याने नळ पांढरे होतात, गीझर लवकर जातो.

मांजलपूरचा दादा: वहिनी, घर चांगलं असेल, पण भायली ते मंजुसर म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. डिसेंबर २०२२ मध्ये अटल ब्रिज झाला, गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी (म्हणजे चौक) सरळ निघतं. पण मंजुसरला जायचं तर त्याच्या पुढे फतेहगंज, समा, दुमाड चोकडी आहेच. पाऊस झाला की अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, पाण्याने भरतो, मग स्टेशनच्या पलीकडे जायलाही वळसा. भाऊजींची शिफ्ट कुठली आहे? कंपनीची बस कुठून जाते ते विचार. बसचा थांबा जिथे, घर त्याच्या आसपास. रोजचा दीड-दोन तासांचा प्रवास माणसाला पिळून काढतो.

दांडिया बाजारचे काका: सगळे नव्या एरियाचंच बोलताय. रावपुरा, दांडिया बाजार, वाडी का नको? सासरेबुवा खाली उतरले की कानावर मराठी पडेल. जवळच जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेली सेंट्रल लायब्ररी आहे, मराठी पुस्तकं भरपूर. तबल्याचं म्हणशील तर विद्यापीठाची संगीताची फॅकल्टी सूरसागर तलावासमोर. १८८६ साली मौलाबक्षांनी काढलेल्या गायनशाळेपासून तिची परंपरा आहे. त्या बाजूला चांगले शिकवणारे मिळतात. २०१८ ला साहित्य संमेलन बडोद्यात झालं, तेव्हा आपली माणसं किती आहेत ते सगळ्यांनी पाहिलं. गणपतीत तर बघायलाच नको. मांडवीकडचा जुना कोट उंचावर आहे, हेही ध्यानात घ्या.

कारेलीबागची आत्या: भाऊ, माझंही बालपण पोळातच, जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीतच गेलं, मला ते सगळं जिवाभावाचं आहे. पण पोळातला जिना उभा, दोर धरून चढायचा. लिफ्ट नाही, गाडी लावायला जागा नाही. सासऱ्यांना तिथे गप्पांना आणता येईल, रोज राहायला ते घर सोयीचं नाही.

दांडिया बाजारचे काका: जिन्याचं खरं आहे. मग रिक्षाने आरामात येता येईल एवढ्या अंतरावर घर घ्या. म्हाताऱ्या माणसाला बोलायला कोणी नसलं की तो खचतो. झाडी-नदीच्या आधी ते बघा.

मी: काका, हे लक्षात आलं नव्हतं, तुम्ही म्हणता ते पटलं. पुण्यातला त्यांचा कट्टा सुटणार याचंच त्यांना वाईट वाटतंय. पण हिरवाईचं काय? त्याच ओढीने तर मी हो म्हटलं.

अकोट्याची मावशी: हिरवाई दारातच हवी असं कुठे आहे? कमाटीबाग १८७९ पासून आहे, मोठमोठी झाडं, आत म्युझियम. सकाळी सासऱ्यांना घेऊन जा, सपाट रस्ते आहेत, बसायला बाकं आहेत. रविवारी पावागड-चांपानेर. हिवाळ्यात डभोईकडे वढवाणा तलाव, २०२१ मध्ये रामसर यादीत आला. बाहेरून आलेल्या पक्ष्यांनी पाणी झाकून जातं, लेकीला नक्की दाखव. आणि नदी बघायची तर अकोटा-दांडिया बाजार पुलावरून बघ.

वकील मामा: माझे मुद्दे थोडक्यात. पहिलं वर्ष विकत घेऊ नका. एक पावसाळा भाड्याच्या घरात काढा, शहर कळेल. अकरा महिन्यांचा भाडेकरार करा आणि पोलीस ठाण्यात भाडेकरू म्हणून नोंद करा, घरमालक टाळाटाळ करत असेल तरी. पुढे घ्यायचं ठरलं तर गुजरातेत स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के, नोंदणी फी १ टक्का. घर बाईच्या नावावर असेल तर ती १ टक्का माफ. काही भागांत अशांत धारा (अशांत क्षेत्रांसाठीचा कायदा) लागू आहे, तिथे विक्रीआधी कलेक्टरची परवानगी लागते, ते तपासूनच बयाणा द्या. नवी स्कीम असेल तर गुजरेराचा (गुजरातच्या रेराचा) नोंदणी नंबर आणि वेऱ्याची, म्हणजे घरपट्टीची, पावती मागा.

मी: मामा, सेव्ह करून ठेवलं. आत्या, मग तू कुठे बघायला सांगशील?

कारेलीबागची आत्या: माझं मत विचारशील तर निझामपुरा, नाहीतर कारेलीबागेत नदीपासून आत. दोन्हीकडून दुमाडकडे निघता येतं आणि रिक्षाने रावपुराही जवळ. निझामपुऱ्यात भूखी कांस, म्हणजे पावसाळी पाण्याचा नाला आहे, तिच्या काठची सोसायटी सोडून दे. पावसात कांसही नदीसारखीच फुगते. घर पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरचं घे, लिफ्ट बंद पडली तरी सासऱ्यांना धरून उतरवता येईल.

घर बघायला गेलीस की हॉल-किचनच्या आधी पार्किंग बघ. मीटरं छातीच्या वर आहेत का? जनरेटर तळघरात तर नाही? जमिनीतल्या टाकीचं झाकण रस्त्यापेक्षा उंच आहे का? नाहीतर पुराचं घाण पाणी थेट प्यायच्या पाण्यात. आणि गाड्या पूर येण्याआधी कुठे नेता, हे वॉचमनला विचार. २०२४ ला लोकांनी पुलांवर नेऊन लावल्या होत्या, ज्यांनी आळस केला त्यांच्या इंजिनात पाणी गेलं.

भायलीची वहिनी: पार्किंगचं मीही लिहून घेतलं. आमच्याकडे जनरेटर खालीच आहे, आज सोसायटीच्या ग्रुपवर विषय काढते.

मी: आत्या, समाचं घर मनातून काढलं. दलालाला निझामपुरा आणि कारेलीबाग सांगते. शनिवारी दोघं येतो.

कारेलीबागची आत्या: माझ्याकडेच उतरा. सकाळी लवकर निघू, इस्त्रीवाले दुपारी दुकान बंद करतात.

मांजलपूरचा दादा: मी गाडी घेऊन येतो. एकदा शिफ्टच्या वेळेलाच दुमाडपर्यंत जाऊन बघू, खरा वेळ कळेल.

वकील मामा: घर पसंत पडलं तरी टोकन लगेच देऊ नका. कराराचा मसुदा आधी मला पाठवा.