प्रतिसाद: शेटलँड तट्टाचे जुने आणि नवे रूप

शेटलँड या ठेंगण्या तट्टाचा अमेरिकेतील 'मॉडर्न' प्रकार ही मूळ जातीचीच सुधारित आवृत्ती आहे, असे ज्या लेखाला मी उत्तर देत आहे त्यात म्हटले आहे. ते मला पटत नाही, कारण त्या घडणीत हॅकनी या उंच पावले टाकणाऱ्या इंग्लिश तट्टाचे रक्त मिसळलेले आहे आणि म्हणूनच त्याची मान लांब, बांधा सडपातळ, पाय बारीक व दुडकी चाल उंच पावलांची दिसते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील बेटांवर थंडी, वारा आणि अपुरा चारा सोसत घडलेले मूळ तट्टू मात्र आखूड पायांचे, रुंद छातीचे, दाट आयाळीचे असते. 1842 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये स्त्रिया व लहान मुलांना खाणीत उतरवण्यास बंदी आल्यानंतर कोळशाच्या गाड्या ओढण्यासाठी त्याला मोठी मागणी आली, ती याच ताकदीमुळे. 1890 साली स्थापन झालेल्या ब्रिटिश वंशावळ संस्थेची उंचीची मर्यादा आजही 42 इंच आहे, अमेरिकेत ती 46 इंचांपर्यंत जाते. (अमेरिकेतही जुन्या बांध्याचा 'फाउंडेशन' वर्ग वेगळा जपला आहे, हे मला फार मोलाचे वाटते.) आमच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या यात्रेत घोडा पारखताना पाय, छाती आणि खूर पाहावेत; शेटलँडलाही तीच कसोटी लावावी.