मार्टिन गार्डनर कोणी वाचलाय का? पोरांना कुठून सुरुवात करून देऊ?

अमळनेरचा मास्तर:
राम राम मंडळी. आठवी-नववीचे क्लास घेतो. कॉलेजला असताना लायब्ररीत गार्डनर हाती लागला आणि मग मी गणितातून बाहेर आलोच नाही. सायंटिफिक अमेरिकन मासिकात 1957 पासून पंचवीसेक वर्षं गणिती खेळांवर लिहीत होता आणि डिग्री कशाची, तर फिलॉसॉफीची! स्वतःच सांगायचा की कॅल्क्युलसच्या पुढचं मला कळत नाही, समजून घ्यायलाच इतका वेळ लागतो की मग वाचणाऱ्याला कसं सांगायचं ते बरोबर कळतं. आता पोरांना त्यातलं काहीतरी द्यायचंय, पण पुस्तकं इंग्रजीत. कुठून धरू?

भुसावळची ताई:
सर, फ्लेक्सॅगॉनपासून करा, म्हणजे कागदी पट्टीच्या घड्यांचं उलगडणारं खेळणं. त्याचा कॉलम सुरू झाला तोच डिसेंबर 1956 च्या त्यावरच्या लेखामुळं. प्रिन्स्टनला आर्थर स्टोन नावाचा इंग्रज पोरगा होता, 1939 ची गोष्ट, अमेरिकन कागद त्याच्या फायलीत बसेना म्हणून कडा कापायचा आणि त्या पट्ट्या दुमडता दुमडता हे सापडलं. एका पट्टीवर दहा समभुज त्रिकोण आखायचे, घड्या घालायच्या, शेवटचा चिकटवायचा. षटकोन होतो आणि मधून उलगडला की तिसरीच बाजू वर येते. माझ्या पुतण्यानं रंगवून रंगवून घरभर केले.

जळगाव_एमआयडीसी:
छान आहे पण स्कॉलरशिपला याचे मार्क पडतात का भो? पालक फी कशाची देतात?

चाळीसगावकर:
अहो भाऊ, आपल्या पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, 1207 चा शिलालेख आहे, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला म्हणून. आणि लीलावती उघडून बघा, भुंगे, हंस, साप-मोर, सगळी कोडीच. तेव्हा कोणी मार्क विचारले नसतील.
मास्तर, मी म्हणेन कापरेकर घ्या. देवळालीचे शाळामास्तर, आपल्याकडच्या बऱ्याच प्राध्यापकांना त्यांचं काम पोरखेळ वाटायचं, गार्डनरनं मार्च 1975 च्या कॉलमात लिहिलं तेव्हा जगाला नाव कळलं. गार्डनर गेला ते साल घ्या, 2010. अंक उतरते मांडा, चढते मांडा, वजा करा: 2100 – 0012 = 2088. परत: 8820 – 0288 = 8532. परत: 8532 – 2358 = 6174. आता अडकलात, पुढं 6174 च येत राहणार. चारही अंक सारखे नकोत एवढंच, बाकी कुठलाही आकडा घ्या, जास्तीत जास्त सात वेळात तिथं पोचतो.

धुळ्याचा कोडर:
भारी शे भो! मी गणिती जॉन कॉन्वेच्या लाइफ गेममुळं (चौकटींमधले ठिपके ठरल्या नियमांनी जगतात-मरतात तो खेळ) प्रोग्रामिंगला लागलो, तोही गार्डनरनंच ऑक्टोबर 1970 ला छापला होता. आरएसए, म्हणजे संदेश गुप्त ठेवायची पद्धत, सुद्धा आधी त्याच्याच कॉलमात आली, 1977 ला, 129 आकडी संख्येचे अवयव पाडून ती फोडणाऱ्याला 100 डॉलर बक्षीस लावून. फुटली 1994 ला.

अमळनेरचा मास्तर:
सगळ्यांचे आभार. 6174 मस्तच आहे, पण पोरं मोबाइलवर शोधून येतील आणि मजा जाईल. फ्लेक्सॅगॉन रविवारी नक्की. त्याच्या आधी बुद्धिबळाचा पट: तिरके समोरासमोरचे दोन कोपरे कापले, 62 घरं उरली, शेजारची दोन-दोन घरं झाकणारे 31 डोमिनो बसतील का? पोरं आधी तासभर बसवत बसतील, मग एखादी म्हणेल की सर, कापलेले दोन्ही कोपरे एकाच रंगाचे आहेत, आणि डोमिनो तर एक काळं एक पांढरंच झाकतो, म्हणजे बसणारच नाहीत. इथं डोमिनो कुठं मिळणार म्हणा, काडेपेट्या घेतो, त्या मापाचा पट पुठ्ठ्यावर आखावा लागेल.