शेड बदलली आणि दिव्याची मान वर गेली

तिरकस_खिळा:
आजोबांचा स्प्रिंगवाला टेबल लॅम्प माळ्यावर सापडला. पत्र्याची शेड पार गंजलेली, एका जागी बोट आरपार जाईल एवढं भोक. नवा पत्रा आणायचा नाही असं ठरवलं आणि रद्दीच्या लगद्याची शेड केली. जुनी शेडच पालथी घालून साचा म्हणून वापरली. सात थर, प्रत्येक थर दिवसभर वाळवला, वरून लाखेचं पॉलिश. दिसते झकास! पण दिवा खाली ओढून हात सोडला की सावकाश वर जातो, छताची जळमटं बघायची असल्यासारखा. स्प्रिंगा बदलू का? मूळच्या काढायला जीव होत नाही.

वॉशरवाला:
स्प्रिंगांना हात लावू नका, त्यांची काही चूक नाही. 1932 साली या रचनेचं पेटंट घेणारा जॉर्ज कार्वर्डाइन गाड्यांच्या सस्पेन्शनमधला माणूस. शेड, होल्डर, बल्ब यांचं वजन जेवढं खाली खेचतं तेवढंच स्प्रिंग वर ओढते, म्हणून दिवा ठेवाल तिथे थांबतो. तुम्ही वजन काढून घेतलंत, ओढ तशीच राहिली. दोन्ही शेड तोला आणि जो फरक येईल तेवढे वॉशर होल्डरच्या गळ्यात ओवा. दांड्याच्या मध्यावर बांधलेत तर हिशोब चुकेल.

फेज_न्यूट्रल:
बल्ब कुठला लावलाय? जुना 60 वॉटचा असेल तर आधी बंद करा. लाख शंभर अंशांच्या आतच मऊ पडते, आणि खाली कागद आहे. आठ-नऊ वॉटचा एलईडी तेवढाच उजेड देतो. पण तोही बुडाशी तापतो, कोंडला की आतलं सर्किट लवकर जातं. शेडच्या माथ्याला भोकं हवीतच. वायर जुनीच असेल तर तीही बदला आणि दांड्याला अर्थिंग द्या. यात हौस नको.

तिरकस_खिळा:
पत्रा 310 ग्रॅम, लगदा 140! वॉशर ओवले, एलईडी लावला, थोडं कमीजास्त केल्यावर दिवा जागच्या जागी थांबला. वॉशर खुळखुळत होते, म्हणून मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या घातल्या. वायर आणि अर्थिंग वायरमनकडून करून घेतलं. माथ्याला सहा भोकं पाडली, त्यांचे सहा ठिपके आता रात्री छतावर पडतात. जळमटं खरंच आहेत.