स्लीव्ह सर्जरीनंतर डीएससीत पुन्हा भरती: मेडिकलला काय अडतं?

खारेगाव_कळवा

धाकट्या भावासाठी विचारतेय. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून १७ वर्षांनी नायक म्हणून पेन्शनवर आला. वय ३७, उंची १७२ सेंमी. घरी आल्यावर वजन १०४ वर गेलं, शुगर लागली. मागच्या वर्षी ठाण्यातच दुर्बिणीतून स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे वजनासाठी जठर लहान करायची सर्जरी, झाली. आता वजन ७६, शुगरची गोळी बंद, रोज सकाळी उपवन तलावाकाठी पळतो. त्याला डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, जायचंय.

वजन आता बसतं. पण ऑपरेशन झालेलं चालतं का? कोणते रिपोर्ट सोबत न्यायचे? आणि ओळखीतले एक जण म्हणतात, टाक्यांच्या खुणा जेमतेम दिसतात, सांगूच नका. मला ते पटत नाही. जाणकारांनी सांगावं.

माजी_सैनिक_ऐरोली

ताई, आधी त्याचं डिस्चार्ज बुक उघडा आणि निवृत्तीच्या वेळची मेडिकल कॅटेगरी बघा. डीएससीला शेप-१ लागते. शेप म्हणजे मानसिक स्थिती, कान, हातपाय, शारीरिक क्षमता आणि डोळे, या पाचही रकान्यांत १. जाड जवानाला सेवेतच ‘पी’ रकान्यात खाली टाकतात. तसं होऊन तो लो मेडिकल कॅटेगरीत बाहेर पडला असेल, तर आज कितीही बारीक झाला तरी फाइल पहिल्या टेबलावरच थांबेल.

दुसरं, दोन प्रश्न लोक एकत्र करतात. सेवेत असलेल्या जवानाचं ऑपरेशन झालं तर त्याला तात्पुरती खालची कॅटेगरी देतात, ठरलेल्या मुदतीने पुन्हा मेडिकल बोर्ड बसतो, आणि तब्येत सुधारली तर कॅटेगरी वर जाते. तिथे प्रश्न ‘याला कुठल्या कामावर ठेवायचं’ एवढाच असतो. तुमचा भाऊ सेवेतून मोकळा झालाय. डीएससीत जाणं म्हणजे नव्याने नाव लागणं, आणि तिथे प्रश्न ‘याला घ्यायचं का’ असा असतो. त्यामुळे ‘अमक्याचं ऑपरेशन झालं, तो तर आजही युनिटमध्ये आहे’ हे उदाहरण त्याला लागू पडत नाही.

लपवण्याबद्दल: मुळीच नको. आर्मी ॲक्ट १९५० चं कलम ४४ भरतीच्या वेळी जाणूनबुजून दिलेल्या खोट्या उत्तरासाठीच आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची. ऑपरेशन ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेतून, झालं असेल तर नोंद सरकारकडे आधीच आहे.

डीएससीचं रेकॉर्ड ऑफिस केरळात कन्नूरला आहे. तिथे अर्जाआधी एक साधं पत्र टाकावं: ऑपरेशनचं नाव, तारीख, सध्याचं वजन, आणि ‘पुनर्भरतीसाठी विचार होईल का’ एवढा एकच प्रश्न. त्याची प्रत बेळगावला, त्याच्या मूळ रेकॉर्ड ऑफिसला. पत्र लिहून द्यायला ठाण्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं. खारघर-कामोठे-पनवेलचे वाचक असतील तर लक्षात ठेवा, तुम्ही नवी मुंबईत राहत असलात तरी जिल्हा रायगड, म्हणजे कार्यालय अलिबागचं.

शल्यविभाग_नेरूळ

वरचं सगळं बरोबर. मेडिकल बाजू थोडी उघड करून सांगतो, कारण ती कडू आहे आणि भावाने ती आधीच ऐकलेली बरी.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून शरीराबाहेर काढतात. जठराला आवळणारा बँड काढता येतो, हे परत जोडता येत नाही. एनडीएच्या अधिसूचनेसोबत हवाई दलाचे जे वैद्यकीय निकष छापतात, त्यात अपेंडिक्ससारखे निरुपयोगी अवयव आणि आजारी पित्ताशय वगळता पोटातला कुठलाही अवयव पूर्ण किंवा अंशतः काढलेला असेल तर उमेदवार नाकारावा असं आहे. डीएससीचा बोर्ड वेगळा, पण डॉक्टर त्याच सशस्त्र दल वैद्यकीय सेवेचे आणि विचारांची दिशा तीच. म्हणून नकाराची शक्यता मोठी धरूनच पुढे जा.

कारणही समजून घ्या, ते वजनाबद्दल नाही. पोस्टवर जेवण ठरल्या वेळी आणि भरपेट मिळतं, याला एका वेळी वाटीभरच जातं. पाणी घटाघटा पिता येत नाही, त्यामुळे उन्हातल्या ड्युटीत शरीर लवकर कोरडं पडतं. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावं लागतं. आणि एक खरा धोका: काही दिवस सतत उलट्या झाल्या तर थायमिन, म्हणजे बी-१, संपतं. अशा माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते. लांबच्या पोस्टवर हे कोणाला ठाऊक असेल? हा मुद्दा नोकरी मिळो न मिळो, भावाच्या पाकिटात लिहून ठेवा.

तरी बोर्डापुढे जायचंच तर हे करून जा:

सीबीसी, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पीटीएच, अल्ब्युमिन, लिव्हर आणि किडनी प्रोफाइल, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर). रक्त कमी असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवा येतो, म्हणून उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगरही जोडा.

पोटाची सोनोग्राफी चुकवू नका. वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होतात, आणि खडा दिसला की तेवढ्यावरच अनफिट. बोर्डाच्या टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. दुर्बिणीच्या छिद्रांच्या जागी, विशेषतः बेंबीपाशी, हर्निया नाही ना हेही उभं राहून खोकायला लावून तपासून घ्या. छातीत जळजळ होत असेल तर एंडोस्कोपी, कारण स्लीव्हनंतर ॲसिड वर येण्याचा त्रास बऱ्याच जणांना होतो.

आणि वजन ‘बसतं’ असं धरून चालू नका. १७२ ला ७६ म्हणजे बीएमआय २५.७. २५ ला पोचायला ७४ लागतात.

घाटमाथा

नेटवर ‘वेव्हर (नियमातून सूट) मिळाला’ अशा ज्या चर्चा सापडतात त्या अमेरिकन सैन्याच्या आहेत. तिथेही संरक्षण खात्याच्या ६१३०.०३ क्रमांकाच्या भरती निकषांत बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन घटवायच्या, सर्जरीचा इतिहास अपात्रतेतच येतो, वेव्हर हा त्यानंतरचा वेगळा अर्ज. आपल्याकडे त्या आशेवर बसू नये.

खारेगाव_कळवा

सर्वांचे आभार. डिस्चार्ज बुक बघितलं, शेप-१ आहे. पत्र या आठवड्यात टाकते. रिपोर्टांपैकी दोनच हाताशी आहेत: हिमोग्लोबिन ११.४ आणि बी-१२ कमी. तो शेलकॅल आणि लोहाची गोळी सकाळी चहाबरोबर एकदम घेतो, वर ॲसिडसाठी पॅन-४० रोज. पळून आल्यावर गुडघा दुखला तर कॉम्बिफ्लॅम. यात काही चुकतंय का?

आहार_घणसोली

हो, जवळजवळ सगळंच, आणि हिमोग्लोबिन त्यामुळेच अडलं असण्याची दाट शक्यता आहे.

चहा लोह शोषू देत नाही. कॅल्शियमही लोहाला आडवं येतं. लोह एकटं घ्यावं, लिंबूपाण्याबरोबर, आणि कॅल्शियम त्यापासून किमान दोन तास लांब. शेलकॅल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते विरघळायला जठरातलं ॲसिड लागतं, जे स्लीव्हने आधीच कमी झालंय आणि पॅन-४० उरलंसुरलं दाबतंय. सिट्रेट प्रकार मागा. दिवसाचं १२०० ते १५०० मिग्रॅ, पण एका वेळी ५०० ते ६०० च्या वर नाही, म्हणजे दोन-तीन भागांत. लोहाचा डोस फेरिटिन बघून सर्जन ठरवतील. बी-१२ गोळीने उठत नसेल तर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. पॅन-४० दीर्घकाळ चालू असणं हे बी-१२ उतरण्याचं स्वतंत्र कारण आहे. मनाने बंद करू नये, पण अजून लागते का हे सर्जनना विचारा.

कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन असतं, त्याने जठरात व्रण, म्हणजे अल्सर, होतो. जठराचा बायपास झालेल्यांना तर सक्त मनाई, स्लीव्हलाही टाळलेलंच बरं. दुखलं तर साधं पॅरासिटामॉल आणि बर्फ.

आता पळण्याबद्दल. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत, व्यायाम वाढला की त्याहून थोडी जास्त. नाहीतर चरबीसोबत स्नायूही उतरतो आणि पुल-अप्सना हात उचलत नाहीत. तीन अंडी १८ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर १८, बांगड्याचे दोन तुकडे साधारण २०, मटकीच्या उसळीची वाटी ७-८. ताटात आधी हे, भात-पोळी शेवटी, पोटात जागा उरली तर. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही.

उपवनची सकाळची हवा दमट असते, घाम कळत नाही इतका जातो. पळायच्या आधी तासभर थोडं थोडं करून ३०० मिलि, मध्ये दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट, नंतर ओआरएस. ग्लुकोज पावडर ढवळून एकदम पिऊ नये. साखर आतड्यात भसकन उतरते, धडधड, घाम, आणि तासा-दोन तासांनी शुगर खाली जाऊन चक्कर. याला डम्पिंग म्हणतात, स्लीव्हमध्येही होतं. भरती रॅलीच्या मैदानावर नेमकं हेच घडतं, कारण पोरं रांगेत उपाशी उभी असतात आणि नंबर आल्यावर ग्लुकोज ढोसतात. भावाने खिशात उकडलेलं अंडं किंवा मूठभर शेंगदाणे ठेवावेत, पळण्याच्या दीड तास आधी नीट चावून खावेत.

शल्यविभाग_नेरूळ

११.४ घेऊन बोर्डापुढे जाऊ नका. लोह नीट सुरू केल्यावर हिमोग्लोबिन भरायला दोन-तीन महिने लागतात, फेरिटिनला आणखी. कन्नूरचं उत्तर येईपर्यंत तेच करा. दुसरं, ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलकडून सविस्तर ऑपरेशन नोट मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर बहुतेकदा नुसतं ‘लॅप्रोस्कोपिक सर्जरी’ लिहितात, त्यावरून बोर्डाला काहीच कळत नाही. नोटमध्ये स्लीव्ह की बायपास, स्टेपल लाइनला, म्हणजे जठर जिथे कापून जोडलं त्या रेषेला, गळती झाली होती का, पित्ताशय तेव्हाच काढलं का, हे हवं.

माजी_सैनिक_ऐरोली

आणि उत्तर नकारार्थी आलं तर मेस्कोत, म्हणजे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळात, नाव नोंदवा. सुरक्षा रक्षकांच्या जागा तिथून भरतात. वय ३७ आहे, त्यामुळे कन्नूरच्या पत्रासाठी थांबून न राहता हा अर्ज आजच द्यावा. दोन्ही एकत्र चालतात.