शटर १/२०० च्या वर नेलं की फोटोच्या खालच्या भागाला फ्लॅशच लागत नाही

कृष्णाकाठ (सांगली)
नमस्कार मंडळी. निकॉन डी५६००, ३५ एमएम १.८ लेन्स, एक साधा मॅन्युअल फ्लॅश आणि तो लांबून उडवायला रेडिओ ट्रिगर, एवढाच माझा संसार. परवा मावसभावाची हळद होती, हरिपुरात संगमाजवळच्या मळ्यात, भर बारा वाजता. मागची झाडं ब्लर हवीत म्हणून लेन्सचं तोंड मोठं, एफ २.८, आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००. एवढ्या उन्हात फोटो पांढरा पडू नये म्हणून शटरचा वेग वाढवत नेला. १/२०० ला फ्लॅश व्यवस्थित. १/३२० ला खाली एक पट्टी अंधारलेली. १/५०० ला नवऱ्याचं तोंड उजळ आणि छातीपासून खाली फ्लॅश नाहीच. १/३२०० ला तर फ्लॅश उडताना डोळ्यांना दिसतो, फोटोत मात्र पत्ता नाही. संध्याकाळी मांडवात तोच पट्टा पार काळाकुट्ट.
आणखी एक कोडं. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश उघडला की शटर २०० च्या पुढे सरकतच नाही, पण ट्रिगर लावला की ४००० पर्यंत खुशाल जातं. असं का?

मिरज_जंक्शन
शटर गेलंय भावा. नाहीतर मांडवातल्या एलईडीनं पट्टे येतात. दाखवून घे एकदा.

राजवाडा_सातारा
शटर ठणठणीत आहे, उगाच कुठं खोलायला देऊ नका. एलईडीचे पट्टे निराळे. ते एकाहून जास्त असतात, कडेला विरघळलेले, बऱ्याचदा रंगीत, आणि फ्लॅश बंद केला तरी येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की ते पट्टे जातात. तुमचा पट्टा एकच आणि कायम खालच्याच अंगाला. कॅमेरा उभा धरून बघा, तो बाजूला गेलेला दिसेल.

सेन्सरपुढं दोन पडदे असतात. पहिला वरून खाली जात सेन्सर उघडतो, दुसरा त्याच्या मागून येऊन झाकतो. एवढी वाट कापायला पडद्याला १/२५० सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि शटर १/३० असो नाहीतर १/४०००, पडद्याची चाल तीच राहते. बदलतं ते इतकंच की दुसरा पडदा पहिल्याच्या किती मागून सुटतो. १/२०० पर्यंत असा एक क्षण सापडतो की पहिला पूर्ण उतरलाय आणि दुसरा अजून सुटायचाय. फ्लॅश नेमका तेव्हा उडतो. १/५०० ला पहिला तळाला टेकेपर्यंत दुसरा निम्म्यावर आलेला असतो, आणि फ्लॅशचा उजेड फुल पॉवरलासुद्धा जेमतेम १/१००० सेकंद टिकतो. झाकलेल्या भागाला तो मिळणार कुठून? लेन्स प्रतिमा उलटी पाडते, म्हणून वरून आलेला पडदा फोटोत खालून चढलेला दिसतो. १/३२०० ला तर नुसती फट सरकत जाते. दुपारी पट्ट्यात निदान ऊन तरी होतं. मांडवात फ्लॅशशिवाय उजेडच नाही, म्हणून काळाकुट्ट.

तुमचं कोडं सोपं आहे. आतला फ्लॅश कॅमेऱ्याच्या ओळखीचा, म्हणून तो २०० वर अडवतो. साध्या ट्रिगरला मधली एकच पिन. त्या पिनेवरून ‘उड’ एवढा निरोप जातो, वर कोण बसलंय हे कॅमेऱ्याला कळतच नाही.

आम्ही शिकलो तेव्हा स्टुडिओत याशिका मॅट १२४जी कॅमेरा असायचा. त्याचं शटर लेन्समध्येच, पाकळ्यांचं, मधून उघडणारं. १/५०० लाही फ्लॅश बिनतक्रार. पडद्याच्या पेंटॅक्स के१००० ला मात्र १/६० च्या वर जायची सोय नव्हती, आणि १९८२ मध्ये निकॉन एफएम२ १/२०० घेऊन आला तेव्हा त्याचं केवढं कौतुक! तुमचा डी५६०० आजही त्याच आकड्यावर आहे.

कृष्णाकाठ (सांगली)
काका, डोक्यात उजेड पडला. मग हाय-स्पीड सिंकवाला, म्हणजे वेगवान शटरलाही चालणारा फ्लॅश घेतला की झालं का? दुकानदार तेच म्हणतोय.

राजवाडा_सातारा
थांबा. डी५६०० मध्ये ती सोयच नाही. निकॉन तिला ऑटो एफपी म्हणतं. डी७५०० मध्ये आहे, तुमच्यात नाही. कितीही महाग फ्लॅश लावा, कॅमेरा त्याला तसं सांगणारच नाही.

आणि असती तरी मी आधी ती घ्या म्हटलं नसतं. हाय-स्पीड सिंकमध्ये फ्लॅश एका दणक्यात उडत नाही, फट वरून खाली जाईपर्यंत बारीक बारीक चमकत राहतो. पाटानं सोडायचं पाणी ठिबकनं दिल्यासारखं. सगळीकडं पोचतं, पण जोर जातो. सुरुवातीलाच साधारण दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), वर शटर दुप्पट केलं की उरलेलं दर वेळी निम्मं. बाराच्या उन्हाशी असा फ्लॅश काय झुंजणार?

हिशेब मांडू. कडक उन्हात आयएसओ १०० ला १/१००, एफ १६. म्हणजे १/२०० ला एफ ११. तुम्हाला हवंय एफ २.८, म्हणजे चार स्टॉप उजेड जास्त. शटरनं कापायला गेलात तर १/३२००, तिथंच तुम्ही अडकलात. त्याऐवजी लेन्सवर चार स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) चढवा आणि शटर २०० लाच राहू द्या. फिल्टर फ्लॅशचाही उजेड कापतो, म्हणून फ्लॅशला एफ ११ इतकं काम करावं लागतं. फुल पॉवरला उघडा फ्लॅश तीनेक मीटरवरून ते करतो. उजेड मऊ करायला फ्लॅशला छत्री लावलीत तर दीड मीटरवर आणा. तरी हाय-स्पीडपेक्षा दोन स्टॉप पदरात जास्त.

पण खरं सांगू का, पाट आंब्याखाली मांडायला लावायचा. दाट सावलीत हाच हिशेब एफ २.८, १/२०० वर येऊन बसतो. मागची झाडंही सावलीतली निवडायची, नाहीतर ती पांढरी पडतील. घरची माणसं ऐकतात हो, पाहुणे यायच्या आधी सांगितलं तर.

तासगावकर
ठिबकला नावं ठेवू नका राव, बागा त्याच्यावरच उभ्या आहेत 😀
काकांच्या बोलण्यात एक भर. एनडी अगदी स्वस्तातला घेऊ नका, रंग खातो. हळदीचा पिवळा मातकट दिसायला लागतो, मग रात्रभर एडिटिंग करत बसा.
आणि वरातीला उलटं करा. शटर १/१५ पर्यंत उतरवा आणि फ्लॅश रिअर कर्टनवर ठेवा, म्हणजे तो दुसरा पडदा सुटायच्या जरा आधी उडतो. दिव्यांच्या रेघा नाचणाऱ्यांच्या मागं राहतात, माणूस पुढं लख्ख. फ्रंटवर, म्हणजे पहिला पडदा उघडताच उडेल असं ठेवलं तर रेघा तोंडापुढं येतात. तो मोड कॅमेऱ्याच्याच फ्लॅशवर वापरा, ट्रिगरवर भरवसा नाही.

कृष्णाकाठ (सांगली)
वरात रविवारी आहे, करून बघतो. एनडी कुठल्या मापाचा घेऊ?

राजवाडा_सातारा
तुमची ३५ एमएम निकॉनचीच डीएक्स असेल तर ५२ एमएम. लेन्सच्या तोंडावर लिहिलेलं असतं, तेवढं बघून घ्या. फिरवून गडद करायचा मिळतो तो टाळा. फार फिरवला की आभाळात फुलीसारखा डाग उमटतो.