ग्लायोब्लास्टोमा, वय ७४ : रेडिएशन सहा आठवडे की तीन? सल्ला हवा

साताऱ्याची_लेक :
बाबांची (७४) मेंदूतली गाठ महिन्यापूर्वी काढली, निघाली तेवढी. बायॉप्सीत ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४. डावा हात जड झालाय, पण काठी घेऊन संडासला स्वतः जातात, पेपर वाचतात. एक डॉक्टर सहा आठवडे रेडिएशन म्हणतात, दुसरे म्हणतात तीन पुरे. भावाला वाटतं, तीन म्हणजे डॉक्टरांनी आशाच सोडली. कुणी यातून गेलंय का?

जुनी_वही :
आमची आई, ७१. मीही तेव्हा डॉक्टरांशी यावरूनच भांडले होते, नंतर ओशाळले. साठीपुढच्या रुग्णांत तीस सिटिंग (सहा आठवडे, ६० ग्रे; ग्रे म्हणजे रेडिएशनच्या मात्रेचं माप) आणि पंधरा सिटिंग (तीन आठवडे, ४० ग्रे) यांची तुलना २००४ मध्येच छापून आली. जगण्याच्या काळात म्हणावा असा फरक दिसला नाही. तीन आठवडे वाचतात, ते घरी जातात. भावाला हे दाखवा.

दुसरं, गाठीची एमजीएमटी तपासणी (केमोच्या गोळ्या किती लागू पडतील याचा अंदाज देणारी जनुकाची तपासणी) झाली का? नसेल तर उद्याच विचारा. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा (ब्लॉक) लॅबमध्ये असतो, त्यावरच होते. २०१७ च्या अभ्यासात पासष्टीपुढच्यांना पंधरा सिटिंगसोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या दिल्या. मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ७.६ वरून ९.३ महिने झालं. एमजीएमटी 'मिथिलेटेड' (म्हणजे ते जनुक बंद पडलेलं) असलेल्यांत मात्र ७.७ वरून १३.५. आकडे गोड करून सांगत नाही, पण गोळ्या घ्यायच्या की नाही हे ठरवायला ही तपासणी फार कामाची.

खारघरकर :
वरच्या ताईंशी सहमत. वयापेक्षा माणूस किती हिंडता-फिरता आहे ते डॉक्टर बघतात. अगदीच थकलेल्यांना पाच सिटिंगचाही पर्याय असतो, बाबांचं तसं वाटत नाही.
घरच्या गोष्टी : डेक्सा (मेंदूची सूज कमी करणारं स्टेरॉइड) चालू असेल तर शुगर मोजत राहा, आमच्या काकांची मधुमेह नसताना ३०० च्या वर गेली होती. रात्री झोप उडत असेल तर डोसची वेळ बदलता येते का विचारा, पण डेक्सा मनाने बंद करू नका. टेमोझोलोमाइड उपाशीपोटी, आधी उलटीची गोळी. रेडिएशनसोबत चालू असताना दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), प्लेटलेट बघायला.

जुनी_वही :
आणि बाबांना विचारलंत का?

साताऱ्याची_लेक :
ब्लॉकसाठी आज अर्ज दिला. बाबांना काल रात्री सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तीन तर तीन. पण पुण्यात राहायचं कुणाकडे, ते आधी ठरव."